आबांचा सौर दिवा वाटेतच का विझला?

(इयत्ता सातवीचा अभ्यासलेख)



आज रथसप्तमी. सकाळी आमच्या आजीने अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवले. दूध उतू गेले, तसे तिने सूर्याला हात जोडले आणि म्हणाली, "ह्याच्या जीवावर सगळं चाललंय बघ." मी शाळेत येऊन ते गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "आजीचं वाक्य विज्ञानाच्या वहीत लिहून ठेव, आणि लेखाची सुरुवात त्यानेच कर." म्हणून तशी केली.

हा लेख घरात वापरायच्या सौर वस्तूंवर आहे. पण आम्ही हा अभ्यास हौस म्हणून केला नाही. त्याला कारण घडले, ते आधी सांगते.

१. त्या रात्री काय झाले

आमच्या रानात गहू आणि कांदा आहे. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की आबांना दहा वाजता दारं धरायला जावे लागते. मोटार चालू करायची, पाटाने पाणी आले की एक वाफा भरायचा, दार मोडून दुसऱ्या वाफ्यात सोडायचे. लाईट जाईपर्यंत हे चालते.

दिवाळीनंतर आबांनी आठवडे बाजारातून एक सौर दिवा आणला. खोक्यावर लिहिले होते, 'एकदा उन्हात ठेवा, रात्रभर उजेड.' आईने तो रोज खिडकीत ठेवायचा आणि आबांनी रात्री न्यायचा, असे ठरले.

मार्गशीर्षातली गोष्ट. आबा दहा वाजता गेले आणि साडेदहा वाजायच्या आत दिवा मंद होऊन विझला. आबा बांधावर होते. पायाजवळ काहीतरी सळसळले. आबा जागचे हलले नाहीत. मग हळूच खिशातून मोबाईल काढून उजेड पाडला, तर दोन हातांवर घोणस पडलेली! आबा तसेच मागे मागे आले. ते घरी आले तेव्हा त्यांचा सदरा थंडीतसुद्धा घामाने भिजला होता. त्या रात्री आई झोपली नाही.

सकाळी आबा म्हणाले, "ह्या सोलरच्या नादाला लागायचं नाही. सगळं खोटं आहे." आई म्हणाली, "खोटं आहे का आपल्याला वापरता येत नाही, ते आधी बघू या." मी दिवा पिशवीत घालून शाळेत आणला आणि गुरुजींच्या टेबलावर ठेवला.

तिथून आमचा अभ्यास सुरू झाला.

२. ऊन किती मिळते?

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. म्हणजे आता अंगणात पडलेले ऊन प्रार्थना सुरू असतानाच सूर्यावरून निघाले असेल!

भर दुपारी स्वच्छ आकाश असताना एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर जवळजवळ १००० वॅट इतकी ऊर्जा पडते. आपल्या घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो. यावरून अंदाज करा. सकाळी ऊन तिरपे असते, संध्याकाळी मंद होते. हे सगळे मिळून आपल्या भागात दिवसाला साधारण ५ तासांच्या भर उन्हाइतकी ऊर्जा मिळते. हा ५ आकडा लक्षात ठेवा. पुढच्या हिशेबात तो लागणार आहे.

या उन्हाचा वापर दोन रीतींनी होतो. एक रीत उन्हाची उष्णता धरण्याची. दुसरी रीत उन्हाच्या उजेडाची वीज करण्याची. दोन्ही वेगळ्या आहेत. लोक दोन्हीला 'सोलर'च म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.

३. पहिली रीत : उष्णता धरणे

आपल्या घरातले सर्वांत जुने सौर साधन कोणते? गुरुजींनी हा प्रश्न विचारला तेव्हा कोणालाच उत्तर आले नाही. उत्तर आहे, वाळवण! पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, डाळी हे सगळे आपण उन्हावरच वाळवतो. त्याला ना वायर, ना बटण. फक्त राखणीला एक माणूस लागतो, नाहीतर कावळे येतात आणि धूळ बसते. हेच वाळवण काचेच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या झाकणाखाली जाळीवर ठेवले, आणि खालून हवा आत व वरून बाहेर जायला वाट ठेवली, की झाला सौर वाळवणी यंत्र. आत हवा जास्त तापते, माल लवकर वाळतो आणि स्वच्छ राहतो.

दुसरे साधन सूर्यचूल. तिचा पाया १७६७ साली स्वित्झर्लंडच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने घातला. त्याने काचेची झाकणे असलेली पेटी उन्हात ठेवली आणि आतली उष्णता पाण्याच्या उकळण्याच्या पलीकडे नेली. आजची पेटीची सूर्यचूल तशीच असते. आतून काळा रंग, भोवती उष्णता बाहेर न जाऊ देणारे अस्तर, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. काळा रंग ऊन शोषतो, काच आतली उष्णता अडवते, आरसा जादा ऊन आत टाकतो. तिच्यात भात-वरण दोन-अडीच तासांत शिजते. शेंगदाणे भाजतात, रताळी उकडतात. पण भाकरी भाजत नाही आणि फोडणी बसत नाही. आई म्हणाली, "मग चुलीला सुट्टी नाही." गुरुजी म्हणाले, "पूर्ण सुट्टी नाही, पण अर्धी रजा तरी मिळेल!"

मोठ्या प्रमाणावरही हे होते. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली गच्चीवर ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या. त्या सूर्याकडे तोंड करून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर भाविकांचे अन्न शिजवायची सोय केली.

तिसरे साधन पाणी तापवायचा सौर बंब. छपरावर काचेच्या नळ्या आणि वर टाकी असते. नळीतले पाणी तापले की हलके होऊन आपोआप वर टाकीत जाते, आणि टाकीतले गार पाणी खाली येते. पंप लागत नाही. हिशेब पाहा. १५ लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. घरात पाच माणसे असली तर रोज दोन युनिटांच्या वर वीज, किंवा तेवढे सरपण वाचते. सरपण डोक्यावरून कोण आणते, हे सांगायला नकोच.

४. दुसरी रीत : उजेडाची वीज

आता दिव्याकडे येऊ. दिव्याच्या डोक्यावर निळसर-काळी पट्टी असते. तिला आपण 'प्लेट' म्हणतो. प्लेट सिलिकॉनची असते. सिलिकॉन वाळूतून काढतात. त्याच्या पातळ चकत्या करून त्यांत अगदी थोडे दुसरे पदार्थ मिसळतात, त्यामुळे चकतीचे दोन थर होतात. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात कमी. चकतीवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात. दोन थरांच्या सीमेमुळे ते एकाच दिशेने ढकलले जातात. बाहेरून वायर जोडली की तिच्यातून वीज वाहते. एका चकतीला सेल म्हणतात. एका सेलातून अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. म्हणून पुष्कळ सेल एकापुढे एक जोडतात. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या प्लेटमध्ये साधारण ३६ सेल असतात.

हा शोध एका दिवसात लागला नाही. १८३९ साली फ्रान्सच्या एडमंड बेकेरेल या १९ वर्षांच्या मुलाला उजेडाने वीज निर्माण होते असे दिसले. प्रकाश कणाकणाने ऊर्जा देतो हे आइनस्टाईन यांनी १९०५ साली मांडले, आणि त्या कामासाठी त्यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला उपयोगी सेल केला. तो १०० भाग उन्हातून ६ भाग वीज करी. आजच्या चांगल्या प्लेटा २० भागांच्या आसपास करतात. आपला पहिला उपग्रह आर्यभट १९७५ साली आकाशात गेला, त्याच्या अंगावरही असेच सेल होते.

एक गोष्ट आमच्यापैकी सगळ्यांनाच उलटी वाटत होती. आम्हाला वाटले, जितकी धग जास्त तितकी वीज जास्त. तसे नाही! प्लेटेला उजेड हवा, धग नको. प्लेट तापली की तिची वीज कमी होते. चैत्र-वैशाखात ऊन भरपूर असते, पण प्लेट इतकी तापते की थोडी वीज वाया जाते. थंडीतले स्वच्छ ऊन प्लेटेला मानवते.

दुसरा प्रश्न एकाने विचारला, "चांदण्यात चार्ज होईल का?" पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे ४ लाखांव्या हिश्शाएवढाच उजेड देतो. तेव्हा उत्तर, नाही. कोणी मित्र तसे सांगत असेल तर त्याला हा आकडा सांगा.

५. दिव्याची तपासणी

आम्ही पाच जणांनी दिवा तपासला. चार गोष्टी सापडल्या.

पहिली : खिडकी. आई दिवा खिडकीच्या काचेआड ठेवत होती. काच थोडा उजेड अडवते. शिवाय खिडकी पूर्वेला. सूर्य छपरावर चढला की आत ऊन येतच नाही. दिवसभर नजर ठेवली तेव्हा कळले की दिव्याला जेमतेम दोन तास ऊन मिळत होते.

दुसरी : सावली. खिडकीसमोर शेवगा आहे. शेवग्याची सावली विरळ, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नव्हते. पण प्लेटेला विरळ सावलीही बाधते. कारण सेल एकापुढे एक जोडलेले असतात. स्लॅब टाकताना माणसे रांगेत उभी राहून घमेली पुढे देतात. मधला एक माणूस थांबला, की मागचे सगळे थांबतात. तसेच एका सेलावर पान पडले की सगळी प्लेट मंदावते.

तिसरी : धूळ. प्लेटवर बोट फिरवले तर बोट मातीचे झाले.

चौथी आणि मोठी : प्लेटच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले होते, '१ वॅट'. आणि दिव्याच्या तळाला, 'पूर्ण उजेड ३ वॅट, मंद उजेड १ वॅट'. खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा ही बारीक अक्षरे जास्त खरी होती.

६. हिशेब

हा हिशेब सातवीच्या गणितातलाच आहे. फळ्यावर करून पाहिला.

१ वॅटची प्लेट × ५ तास ऊन = ५ वॅट-तास.

यातला तिसरा हिस्सा बॅटरी भरताना, वायरीत, धुळीत आणि उष्णतेत जातो. उरले सुमारे ३.३ वॅट-तास.

पूर्ण उजेड ३ वॅट : ३.३ ÷ ३ = एक तासाहून थोडे जास्त.

मंद उजेड १ वॅट : ३.३ ÷ १ = सव्वातीन तास.

म्हणजे सगळे नीट केले तरी हा दिवा पूर्ण उजेडात रात्रभर चालूच शकत नाही! खिडकीत तर दोनच तास ऊन. २ वॅट-तासांतले सुमारे १.३ उरले. १.३ भागिले ३ म्हणजे २६ मिनिटे. आबा दहाला गेले आणि दिवा साडेदहाच्या आत विझला. फळ्यावर उत्तर आले तेव्हा वर्गात कोणी बोलले नाही. मला तर बांधच डोळ्यांपुढे दिसला.

मग आम्ही तपासून पाहिले. नोंदी अशा :

पहिला दिवस. दिवा खिडकीत. पूर्ण उजेडात २५ मिनिटे चालला.

दुसरा दिवस. प्लेट ओल्या फडक्याने पुसली. दिवा गोठ्याच्या पत्र्यावर लाकडी पाट टाकून त्यावर ठेवला. उत्तरेकडच्या कडेखाली विटेचा तुकडा दिला, म्हणजे प्लेट दक्षिणेकडे कलती झाली. पूर्ण उजेडात १ तास ५ मिनिटे.

तिसरा दिवस. तसेच ठेवून मंद उजेड. ३ तास १० मिनिटे.

पाट का टाकला, ते सांगते. आमच्या दिव्यात प्लेट आणि बॅटरी एकाच डब्यात आहेत. उघड्या पत्र्यावर ठेवला तर बॅटरीही भाजून निघते आणि लवकर निकामी होते. ज्यांच्या दिव्याची प्लेट वायरीने वेगळी असते, त्यांनी प्लेट उन्हात आणि दिवा सावलीत ठेवावा.

दक्षिणेकडे कल का दिला? आपल्याकडे थंडीत सूर्य दक्षिणेच्या बाजूने जातो. आपले राज्य साधारण १६ ते २२ अक्षांशांत आहे. वर्षभरासाठी प्लेट साधारण तेवढ्याच अंशांत कलती ठेवतात. कोनमापक नसेल तर वहीचा काटकोन कोपरा मधोमध दुमडा, ४५ अंश झाले. पुन्हा दुमडा, साडेबावीस. त्याहून जरा कमी ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे एक दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. त्या सुमारास प्लेट आडवी ठेवली तरी चालते.

७. मग आबांना कसा दिवा हवा?

हाही हिशेब आम्हीच केला. सहा तास, २ वॅटचा उजेड.

६ × २ = १२ वॅट-तास.

तिसरा हिस्सा वाया जातो, म्हणून भरायचे १८ वॅट-तास.

१८ ÷ ५ = ३.६ वॅटची प्लेट. ढगाळ दिवसाची सोय म्हणून ५ वॅटची घ्यावी.

बॅटरी २० वॅट-तासांच्या आसपास. एवढी बॅटरी आजच्या मोठ्या मोबाईलातही असते.

मी हा कागद आबांना दाखवला. आबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे दुकानदाराने प्लेट एक वॅटची दिली आणि रात्र सगळी सांगितली." मी म्हटले, "हो." आबा म्हणाले, "आणि आपण विचारलं नाही." आई चुलीपाशी होती, ती काही बोलली नाही. फक्त हसली.

८. करून पाहा

(अ) दोन सारखे डबे घ्या. एक बाहेरून काजळीने काळा करा, दुसरा चुन्याने पांढरा. दोन्हींत सारखे पाणी भरून दोन तास उन्हात ठेवा. कोणते पाणी जास्त तापले? सूर्यचुलीला आतून काळा रंग का देतात, ते कळेल.

(आ) पुठ्ठ्याचे खोके घ्या. आत काळा कागद, भोवती कडबा किंवा जुन्या कापडाचे अस्तर, वर मोठ्यांच्या मदतीने काच. आत काळ्या झाकणाच्या भांड्यात वाटीभर पाणी ठेवा. झाकणाच्या पुठ्ठ्याला चकचकीत कागद चिकटवा. दर अर्ध्या तासाने खोके सूर्याकडे वळवा. पाण्याला वाफ यायला किती वेळ लागतो, ते लिहा.

(इ) मोडलेल्या खेळण्यातली लहान मोटार आणि लहान सौर प्लेट जोडा. मोटारीला कागदी भिरभिरे लावा. आता प्लेटवर फक्त एक बोट आडवे धरा. भिरभिऱ्याचे काय होते? घमेल्यांची रांग आठवा.

(ई) अंगणात सरळ काठी रोवा. दुपारी सर्वांत आखूड सावली कधी पडते ते पाहा. थंडीत ती सावली उत्तरेकडे पडते. प्लेटचे तोंड तिच्या उलट बाजूला ठेवा.

सावधगिरी : सूर्याकडे कधीही सरळ पाहू नका, आरशातूनही नाही. बॅटरीच्या दोन टोकांना तार जोडू नका, ठिणगी उडते. जुनी बॅटरी फोडू नका आणि चुलीत टाकू नका. पत्र्यावर किंवा गच्चीवर मोठ्यांशिवाय चढू नका.

९. पालकांसाठी चार शब्द

सौर वस्तू घेताना खोक्यावरची जाहिरात वाचू नये, मागचा आकडा वाचावा. चार प्रश्न विचारावेत. प्लेट किती वॅटची? बॅटरी किती वॅट-तासांची? दिवा किती वॅटचा? बॅटरी बिघडली तर बदलून मिळते का? दुकानदाराला उत्तरे येत नसतील तर पुढच्या दुकानात जावे. पक्की पावती घ्यावी.

प्लेट पंचवीस वर्षेही टिकते. बॅटरी तितकी टिकत नाही. पाणी घालायची जुनी शिसे-आम्लाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते, तीही वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घातले तर. आपल्या गल्लीतला सोलर खांब बंद पडला तेव्हा सगळे म्हणाले, "सोलर बिघडला." प्लेट चांगली होती, बॅटरी संपली होती. बॅटरी बदलली आणि दिवा लागला.

घराचा हिशेबही असाच करता येतो. ७ वॅटचे तीन बल्ब पाच तास म्हणजे १०५ वॅट-तास. कमी विजेचा ३० वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २४०. सगळे मिळून ३४५. १०० वॅटची प्लेट पाच तासांत ५०० देते, तिसरा हिस्सा गेला तर ३३३ उरतात. म्हणजे पंखा थोडा लवकर बंद केला की भागते. पण साधा ७५ वॅटचा पंखा लावला तर त्यालाच ६०० लागतात! म्हणून आधी विजेची बचत, मग प्लेट.

छपरावर मोठी प्लेट बसवून ती महावितरणच्या लाईनला जोडता येते. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज मिळते. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले होते. आजचा नियम महावितरणच्या कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत विचारावा. योजनेचे नाव सांगून दारात आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

रानडुकरांसाठी झटका मशीन लावणाऱ्यांनाही एक विनंती. सौर झटका मशीन क्षणभर ठोका देऊन सोडते. काही जण कुंपणाला घरची लाईट थेट जोडतात. त्यात माणसे आणि गुरे मरतात. असे कोणीही करू नये.

१०. गावेच्या गावे उन्हावर

गुजरातमधील मोढेरा गावात जुने सूर्यमंदिर आहे. तेच गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये रात्रंदिवस सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे २०२४ साली पहिले सौरग्राम ठरले. केरळातील कोची विमानतळ २०१५ सालीच पूर्ण सौर विजेवर गेला.

पण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती शेतीची गोष्ट. शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा शेतीला द्यायची, अशी ती योजना आहे. सौर पंपांसाठी २०१९ साली केंद्राची कुसुम योजना सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "दिवा हा अर्धा उपाय. आबांना रात्री रानात जावंच लागू नये, हा पूर्ण उपाय." आमच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचे आबांनी ठरवले आहे.

शेवट

आबांनी तालुक्याहून ५ वॅटच्या प्लेटचा दिवा आणला. या वेळी दुकानात त्यांनी चारही प्रश्न विचारले. जुना दिवा टाकला नाही. तो मंद उजेडात मोटारीच्या पेटीजवळ टांगतात. नवा दिवा हातात, पायांत गमबूट आणि हातात काठी. साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात जायचे आणि १०८ ला फोन करायचा, हेही आम्ही मोटारीच्या पेटीवर खडूने लिहिले आहे.

परवा रात्रीचा आठवडा होता. मी झोपेतून उठून खिडकीतून पाहिले. रानात दूर आबांचा दिवा हलत होता. घड्याळात तीन वाजले होते. दिवा चालू होता.

आज दुपारी १२ वाजता शाळेच्या पटांगणात आमची सूर्यचूल मांडली आहे. पालकांनी जरूर थांबावे. ज्यांच्या घरी सौर दिवा बंद पडला आहे, त्यांनी तो घेऊन यावा. आम्ही मागची बारीक अक्षरे वाचून हिशेब करून देऊ.

स्वाध्याय

१. प्लेटेला उजेड हवा, धग नको. असे का?
२. २ वॅटची प्लेट, ५ तास ऊन, तिसरा हिस्सा वाया. १ वॅटचा दिवा किती तास चालेल?
३. तुमच्या घरातल्या उन्हावर चालणाऱ्या पाच गोष्टी लिहा. (वाळवण विसरू नका.)
४. एका सेलावर सावली पडली तर सगळी प्लेट का मंदावते? घमेल्यांचे उदाहरण देऊन सांगा.

(दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : सुमारे ६ तास ४० मिनिटे.)

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी आणि तिचे चार सोबती